फुली मारलेली चौकट

आखणीबाई अनोळखी नंबरचा फोन उचलत नसे. कधी म्हणजे कधीच नाही. कुणी ना कुणी काहीतरी गळ्यात मारायला टपलेलं असतं, असं तिचं म्हणणं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. नवरा चिडवायचा, "तुझा फोन म्हणजे नुसती शोभेची वस्तू. एखाद्या दिवशी मीच दुसऱ्याच्या फोनवरून हाका मारत बसेन आणि तू खुशाल कट करशील." ती म्हणायची, "मेसेज कर." विषय संपला.

त्यामुळे पोस्टमास्तरांनी एका आठवड्यात सात फोन केले, तरी तिच्यापर्यंत एकही पोचला नाही. आठव्या दिवशी ते स्वतःच जिना चढून तिच्या कामाच्या खोलीत येऊन उभे राहिले. धाप लागलेली, काखेत कापडी बांधणीची जाडजूड वही. "बाई, चाळीस वर्षं मी लोकांचे पत्ते शोधले," ते म्हणाले, "पण तुमच्याइतका न सापडणारा माणूस पाहिला नाही." तिने ओशाळून त्यांना खुर्ची दिली आणि पाणी आणलं.

मास्तर टपालखात्यातून निवृत्त झाले होते आणि घरी बसून त्यांना करमेना. टपाल कचेरीच्या मागची एक पडीक खोली मागून घेऊन त्यांनी तिथे हरवलेल्या माणसांची नोंद ठेवायला सुरुवात केली. त्याला नऊ वर्षं झाली होती. भिंतीवर फळा, फळ्यावर फोटो, फोटोखाली चिठ्ठी. फळा भरला तेव्हा दुसरा आणला. मग तिसरा. आता भिंतच उरली नव्हती. म्हणून त्यांना वेबसाइट हवी होती. "जिथे भिंत संपत नाही अशी काहीतरी सोय असते म्हणे," असं त्यांनी विचारलं, आणि तिथेच आखणीबाईने काम घ्यायचं ठरवून टाकलं.

आखणीबाई हे नाव त्यांनीच ठेवलेलं. त्याचं कारण असं, की तिने पहिल्यांदा त्यांच्यापुढे ठेवले ते नुसते पेन्सिलने आखलेले कागद. ना रंग, ना फोटो. वर एक लांबट चौकट, मधे छोट्या चौकटी, खाली चार रेघा. मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "हे काय? आपल्याला वेबसाइट करायचीय का गोदाम बांधायचंय?"

"याला वायरफ्रेम म्हणतात, मास्तर."

"तारेचा सांगाडा?"

"तसंच समजा. काय कुठे येणार, माणूस आधी काय बघणार, मग कुठे बोट ठेवणार, एवढंच आधी ठरवायचं. रंग दाखवला की लोक रंगावरच बोलत बसतात. कागदावर चुकलं तर खोडरबर पुरतं. एकदा बांधून झालं की भिंती फोडाव्या लागतात."

मास्तरांना हे पटलं. ते शिस्तीचे होते आणि त्यांना आखलेल्या कागदाबद्दल मुळातच आदर होता. फक्त एक गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितली. वहीत सव्वातीनशे नावं होती, पण पहिल्या पानावर ताजीच नावं यायची. ज्यांना दहा वर्षं उलटून गेली ती आत, "जुनी नोंद" असं लिहिलेल्या दुव्यामागे. तिने मान डोलावली आणि तसं आखलं.

आता या बाईची एक सवय सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच येऊन ठेपलं. तिच्या धंद्यातले इतर लोक कच्च्या आखणीत "इथे मजकूर येईल, इथे मजकूर येईल" असं वाट्टेल ते भरून मोकळे होतात. तिला ते खपायचं नाही. खरी नावं घालून बघितल्याशिवाय आखणी खरी होत नाही, कुणाचं नाव दोन अक्षरी असतं, कुणाचं ओळ फोडून खाली येतं, असं ती सगळ्यांना ऐकवायची. म्हणून तिने मास्तरांच्या वहीतली खरी नावं उतरवून घेतली आणि एकेका चौकटीखाली एकेक नाव, वय, हरवल्याचं ठिकाण, असं नीट लिहिलं. फोन नंबरच्या जागी मात्र दहा शून्यं. आणि फोटोच्या जागी काय करतात, तर चौकट काढून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरप्या रेघा मारतात. इथे फोटो येणार, एवढाच त्याचा अर्थ. वीस वर्षं ती ही खूण करत आली होती. तिचा हात ती खूण न बघताच करायचा.

कागद तयार झाले तेव्हा ती म्हणाली, "मास्तर, हे आता कुणाला तरी वापरून बघू दे. तुम्ही आणि मी बघून उपयोग नाही. ज्यांचं माणूस हरवलंय असं कुणीतरी बोलवा."

"बोलवायचं कशाला? उद्या महिन्याचा पहिला सोमवार. काजवाल्या काकू येतीलच."

काजवाल्या काकू शर्ट शिवायच्या कारखान्यात काज-बटणाचं काम करत. साठी ओलांडली होती, तरी हात चालत होता. तेवीस वर्षांपूर्वी बसच्या तळावर त्यांची मुलगी हरवली. साडेचार वर्षांची होती. एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात मुलगी, अशा त्या उभ्या होत्या. पिशवीचा बंद तुटला. बंद बांधायला दोन्ही हात लागले. एवढंच झालं. मुलीचं पाळण्यातलं नाव वहीत होतं, पण काकू तिला गुंडी म्हणायच्या, कारण ती दिवसभर मशीनखाली बसून बटणांचे रंग वेगळे करत बसायची. नवरा त्यानंतर सहा वर्षांनी गेला. काकू दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अर्धी रजा टाकून मास्तरांच्या खोलीत यायच्या, "काही?" विचारायच्या, मास्तर "नाही हो" म्हणायचे, चहा व्हायचा, आणि त्या परत कामावर जायच्या.

त्या सोमवारी आखणीबाईने टेबलावर कागद मांडले आणि काकूंना समजावलं. हा पडदा आहे असं समजायचं, जिथे दाबावंसं वाटेल तिथे बोट ठेवायचं, मी पुढचा कागद सरकवेन. काकूंनी चष्मा लावला. त्यांना हा प्रकार जरा गमतीचा वाटला असावा, कारण त्या म्हणाल्या, "म्हणजे मशीन बंद, आणि टाके मनातल्या मनात घालायचे." मास्तर हसले.

"काकू, समजा तुम्हाला गुंडीची नोंद बघायचीय. काय कराल?"

काकूंनी पहिल्या पानावर बराच वेळ शोधलं. तिथे गुंडी नव्हती. कोपऱ्यात "जुनी नोंद" दिसलं तेव्हा त्यांनी एकदा मास्तरांकडे बघितलं आणि तिथे बोट ठेवलं. आखणीबाईने दुसरा कागद पुढे केला. काकूंचं बोट नावांवरून सावकाश खाली आलं आणि थांबलं. गुंडीचं पाळण्यातलं नाव, वय साडेचार. मग बोट वर गेलं, चौकटीवर.

"कधी कळलं?" काकूंनी विचारलं.

"काय, काकू?"

"तुम्हाला कधी कळलं? मला कुणी सांगितलं का नाही?"

आखणीबाईच्या डोक्यात अजून काही शिरलं नव्हतं. आखणी चुकली का, नाव चुकलं का, असं ती कागदावर शोधत होती. मास्तरांना आधी समजलं. ते खुर्चीवरून अर्धवट उठले.

"फुली मारलीत ना," काकू म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, उलट नेहमीपेक्षा हळू होता. "एवढी मोठी फुली. आमच्या इथे माल वाया गेला की मुकादम अशी मारतो." मग त्यांची नजर इतर चौकटींवर गेली. प्रत्येकीवर तशीच फुली. "अगं बाई. ही सगळीच गेली?"

"नाही हो काकू! नाही, नाही, ही फोटोची जागा आहे, आमच्यात असंच काढतात, याचा अर्थ…" आखणीबाई घाईघाईने बोलत सुटली. जे बोलली ते सगळं खरं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. काकूंना तिचे ओठ हलताना दिसत होते, पण ऐकू काही जात नव्हतं. तेवीस वर्षं ज्या बातमीला त्यांनी उंबरठ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं, ती या पोरीने पेन्सिलने काढून टेबलावर ठेवली होती. मास्तरांनी हात धरून, शपथा घेऊन सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली. "बरं," त्या म्हणाल्या. "बरं, बरं. नाही ना? मग ठीक." आणि उठल्या आणि चालू लागल्या. चहा तसाच राहिला. चष्माही टेबलावरच राहिला.

त्या रात्री आखणीबाई जेवली नाही. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "मी एका आईला तिची मुलगी मेल्याचं सांगितलं आणि मला पत्ताच नव्हता मी काय सांगतेय." वीस वर्षं आपण कागदावर काय काय काढत आलो आणि समोरच्याने काय काय वाचलं असेल, या विचाराने तिला स्वतःचीच शरम वाटली. खरी नावं घालायचा तो अभिमान तर नुसता आठवला तरी तिचे कान तापत.

दुसऱ्या दिवशी ती चष्मा घेऊन कारखान्यात गेली. लांबलचक खोली, दोन रांगांत मशीनं, त्यांचा अखंड घरघराट, आणि सगळ्यात शेवटी खिडकीपाशी काज-बटणाचं टेबल. काकू शेजारणीचा चष्मा नाकावर घेऊन, कापड अगदी डोळ्यांशी धरून काम करत होत्या. आखणीबाईला बघून त्यांनी शेजारच्या स्टुलावरचे शर्ट उचलून जागा केली.

"काकू, मला माफ करा. मी असं करायला नको होतं. मला आधी विचार करायला हवा होता."

"असू दे गं. मीच वेडी. मास्तर सांगत होते तरी डोक्यात शिरेना माझ्या." काकूंनी आपला चष्मा लावला, शेजारणीचा परत केला. "रात्रभर ती फुली दिसत होती, हे मात्र खरं. खोटं कशाला बोलू?"

आखणीबाई खाली मान घालून बसली. समोर टेबलावर शर्टाची पुढची पट्टी पसरलेली होती. काकूंनी कानामागचा निळा खडू काढला, पट्टीवर टेप धरला आणि खडूने खूण केली. चार बोटं खाली सरकून दुसरी. मग तिसरी. आखणीबाई बघतच राहिली. पट्टीवर एकाखाली एक सात फुल्या होत्या.

"काकू, हे काय?"

"काय?" काकूंनी पट्टीकडे बघितलं. "ही बटणाची जागा. जिथे फुली तिथे बटण येणार. लावलं की फुली त्याच्याखाली झाकून जाते, मग…" आणि त्या बोलता बोलता थांबल्या. खडू हातातच राहिला. मशीनं घरघरत होती आणि त्या दोघी त्या सात फुल्यांकडे बघत बसल्या होत्या.

"तुमच्यातही असंच का?" काकूंनी विचारलं.

"असंच. जिथे फुली तिथे फोटो येणार."

"अगं, मग काल सरळ सांगायचं ना, काकू, ही बटणाची जागा आहे म्हणून! एका शब्दात समजलं असतं."

"मला कुठे माहीत होतं!"

काकू हसल्या आणि हसता हसताच रडल्या. रडणं बराच वेळ चाललं. शेजारणीने मशीन थांबवून पाठीवर हात ठेवला, तर त्या म्हणाल्या, "काही नाही गं, चांगलंच आहे." मग डोळे पुसून त्यांनी हात पुढे केला. "आण ते कागद. काल परीक्षा अर्धीच राहिली माझी."

कागद पिशवीत होतेच. शर्ट बाजूला सारून दोघींनी ते मांडले. काकूंनी आता सगळं शांतपणे बघितलं. ही बातमी द्यायची जागा, ही नाव शोधायची जागा, हे "माहिती द्या"चं बटण. सगळीकडे बोट ठेवून झालं, सगळं जमलं. आणि मग त्यांनी विचारलं, "आता सांग, गुंडीने कुठे दाबायचं?"

"म्हणजे?"

"म्हणजे माझी गुंडी. ती आता सत्तावीस वर्षांची असेल. तिच्याकडेही असेल की फोन. ती आली यात, तर तिने कुठे दाबायचं?"

आखणीबाईने पहिला कागद बघितला, दुसरा बघितला, तिसरा उलटून बघितला. सगळे दरवाजे शोधणाऱ्यांसाठी होते. ज्यांनी कुणाला पाहिलं त्यांच्यासाठी होते. पोलिसांसाठी होता. जे हरवले त्यांना आत यायला कुठूनच वाट नव्हती. हे तिला सुचलं नव्हतं, मास्तरांना सुचलं नव्हतं, कुणालाच सुचलं नव्हतं.

"तिने तिचा फोटो बघून ओळखलं असतं, काकू," ती कसंबसं म्हणाली.

"तिला तिचं तोंड कुठून आठवणार? साडेचार वर्षांचं पोर कधी आरशात बघतं? तिला आठवलं तर माझं तोंड आठवेल. चोवीस तास तेच तर होतं तिच्यासमोर." काकू एकदम उठल्या आणि आखणीबाईला हाताला धरून मुकादमाच्या टेबलामागच्या भिंतीपाशी घेऊन गेल्या. तिथे कारखान्यातल्या बायकांचा एक जुना, काचेतला फोटो होता. दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरी, गळ्यात पिवळा टेप, कानामागे खडू, अशी एक तरुण बाई कॅमेऱ्याकडे जरा रागानेच बघत होती. "ही मी. ती हरवली त्याच वर्षीची. हाच टेप ती ओढायची. माझा हा फोटो लाव, तिचा नको."

मुकादमाने काच काढून दिली. काकूंचा तो फोटो आखणीबाईने तिथेच उभ्या उभ्या फोनवर टिपून घेतला.

आता मास्तरांना पटवायचं होतं, आणि ते सोपं नव्हतं. मास्तर हट्टी होते, पण त्यांचं म्हणणं वावगं नव्हतं. "ताज्या नोंदीत अजून काही तरी हातात असतं, बाई. एकेक तास मोलाचा असतो. ती मागे ढकलून मी तेवीस वर्षांपूर्वीची वर आणू? परवाच हरवलेलं पोर कुणाच्या नजरेला पडलं नाही, तर त्याच्या आईला काय तोंड दाखवू?"

"ती वरच राहू देत. मी फक्त आणखी एक दरवाजा मागतेय." तिने नवा कागद पुढे ठेवला. पहिल्या पानावर आता दोन मोठी बटणं होती, सारख्याच आकाराची, शेजारी शेजारी. एकावर लिहिलं होतं, "मी कुणाला तरी शोधतोय." दुसऱ्यावर, "मला कुणी शोधत असेल का?" दुसऱ्या बटणामागच्या पानावर मुलांचे फोटो नव्हते. तिथे आया होत्या, बाप होते, आजोबा होते, ताई-दादा होते. त्या त्या वर्षी ते जसे दिसत तसे. जुनं नवं असा भेदच तिथे नव्हता.

मास्तरांनी ते दुसरं वाक्य वाचलं. परत वाचलं. मग चष्मा काढून रुमालाने पुसत बसले, इतका वेळ की काचेत पुसण्यासारखं काही उरलं नसेल.

"आणि नंबर?" ते अखेर म्हणाले.

"नंबर काय?"

"अहो, मी जन्मभर तेच केलंय. पत्र जातं, पत्त्यावर माणूस नसतो, पत्र परत. शिक्का मारला की आमचं काम संपलं. ते निदान पाठवणाऱ्याच्या हाती तरी पडायचं. पण ही पोरगी बारा वर्षांनी त्या चौकटीखालचा नंबर फिरवेल आणि यंत्रातली बाई सांगेल, हा नंबर अस्तित्वात नाही. मग ती कुठे परत जायची? ती तर आधीच हरवलेली." त्यांनी पेन्सिल घेतली आणि दहा शून्यांच्या खाली आणखी दहा शून्यं काढली, टपाली अक्षरात, एकसारखी. "दोन नंबर हवेत. एक स्वतःचा, एक मागच्याचा. दुसरा असल्याशिवाय चौकट लावायची नाही. हा माझा नियम."

इथे मात्र आखणीबाईला वाद घालता आला नाही. मास्तरांनी एकेकाला बोलावून दुसरा नंबर मागायला सुरुवात केली. कुणी भावाचा दिला, कुणी सुनेचा, एका आजोबांनी शेजाऱ्याचा. पुढचा पहिला सोमवार आला आणि काकू आल्या. त्यांना दुसरी ओळ दाखवली.

"माझ्यामागे कोण आहे?" काकू म्हणाल्या. "दीर होता, तोही गेला. माहेरचं कुणी उरलं नाही. घराशेजारची बाई आहे, पण ती माझ्याहून थोरली." त्या जराशा हसल्या. "मास्तर, नियम म्हणजे नियम. नाही तर राहू दे माझी चौकट."

मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं. आपलाच नियम आता त्यांच्या घशात अडकला होता, आणि सत्तरीच्या माणसाने स्वतःचा नंबर देऊन काही साधणार नव्हतं. आखणीबाई त्या कागदाकडे बघत होती. गळ्यात टेप घातलेली ती बाई अजून तिथे लागलेली नव्हती. चौकटीत दोन रेघाच होत्या. एवढं सगळं होऊन ही जागा रिकामी राहणार, हे तिला सहन होईना. तिने खोडरबर घेतलं, दुसऱ्या ओळीतली शून्यं पुसली आणि तिथे आपला नंबर लिहिला.

काकूंनी तो वाचला. "हा कुणाचा?"

"माझा."

"उचलशील ना?"

मास्तरांना ठसका लागला. सात फोन त्यांना आठवले असणार. आखणीबाईचा चेहरा लाल झाला, पण तिने काकूंकडेच बघितलं. "उचलेन," ती म्हणाली. "कुणाचाही असला तरी उचलेन."

"मी गेले तरी त्या चौकटीवर फुली मारू नकोस. म्हणजे मुकादमाची. आपली चालेल."

"नाही मारणार, काकू."

"मग इकडे ये." काकूंनी तिला जवळ ओढलं आणि कानात काहीतरी सांगितलं. गुंडीला काय विचारायचं, आणि खरी गुंडी असेल तर ती काय उत्तर देईल. ती एक घरातली अगदी साधी गोष्ट होती, आई आणि मुलगी सोडून कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. ते उत्तर कागदावर लिहिलं नाही, वेबसाइटवर तर नाहीच. मलाही विचारू नका. ते या गोष्टीतही येणार नाही.

वेबसाइट सुरू झाली. दुसऱ्या बटणामागे पहिल्या वर्षात बरेच जण येऊन बघून गेले. सातव्या महिन्यात एका तरुणाने आपल्या आजोबांना ओळखलं, त्यांच्या मिशीवरून. मास्तरांनी ही बातमी सांगितली तेव्हा काकूंनी दोन्ही हातांनी टेबल धरलं. "म्हणजे ते बटण चालतं," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी त्यांनी दोन कप चहा घेतला.

त्यानंतरच्या वर्षी, एका पहिल्या सोमवारी, काकू आल्या नाहीत. मंगळवारी ती घराशेजारची बाई आली. काकू झोपेतच गेल्या होत्या. मास्तर आणि आखणीबाई दोघं स्मशानात शेवटपर्यंत थांबले. परतताना मास्तर म्हणाले, "पहिली ओळ बंद पडली आता." काकूंचा फोटो वेबसाइटवरून उतरवायचा विषय कुणी काढला नाही.

आखणीबाईच्या खोलीत टेबलासमोर तो पेन्सिलचा कागद लावलेला आहे. ती अजूनही नव्या आखण्या काढते, फोटोच्या जागी फुली मारते आणि आता प्रत्येक फुलीखाली बारीक अक्षरात लिहिते, "येणार आहे." गिऱ्हाइकं विचारतात, एवढं लिहायची काय गरज? ती म्हणते, सवय.

आणि ती फोन उचलते. जेवताना, मीटिंगमध्ये, दुकानात पैसे देता देता, ओले हात कपड्याला पुसत. नवरा आता चिडवत नाही. वाजला की तोच आणून देतो. बहुतेक वेळा कुणीतरी विमा विकत असतं. आवाज पुरुषाचा असेल तर ती नको म्हणून ठेवते. पण पलीकडून एखादी तिशीच्या आतली बाई बोलायला लागली, की आखणीबाई तिला मधेच थांबवते. "एक मिनिट हं," म्हणते, आणि काकूंनी कानात सांगितलेला तो प्रश्न विचारते. मग विमावाली गोंधळून गप्प होते, आणि आखणीबाई कानाशी फोन घट्ट धरून उत्तराची वाट बघते.